गोधडी कुठवर आली?

पहिल्या बाळंतपणाला मी जिंतूरला माहेरी आले ती मोबाइल हातात धरूनच. झबली, टोपडी, दुधाच्या बाटल्या, सगळं बसल्या जागी मागवायचं आणि पार्सल निघालं का, परभणीत पोचलं का, हे सारखं बघत बसायचं. राहिली होती ती फक्त गोधडी. ती बोरीच्या आत्याच्याच हातची पाहिजे होती. आमच्या घरातलं एकूण एक लेकरू आत्याच्या गोधडीवर लोळलंय. माझंच तेवढं राहतंय की काय, याचा मला घोर लागला होता.

आत्या म्हणाली होती, "जुनं लुगडं दे धाडून." जुनं? माझ्या बाळाला? मी मोबाइलवरून गुलाबी पोपटांची कोरी करकरीत सुती साडी मागवली आणि बोरीला पाठवून दिली. मग रोज सकाळी फोन.

"आत्या, कुठवर आली गोधडी?"

"होतंय की माय. दम धर."

"अगं, पण टाके घालायला घेतलेस का?"

"दम धर म्हणलं ना!"

दम धर म्हणे! इकडं बाटलीचं बूचसुद्धा आपण कुठं पोचलोय ते कळवत होतं, आणि आत्याला एका वाक्यात सांगता येईना. शेवटी मी व्हिडिओ कॉल लावला. आत्या अंगणात डाळ पाखडत बसली होती. आणि अंगावर काय? गुलाबी पोपट!

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "आत्या! ती माझ्या लेकराची साडी हाय!" एवढं ओरडले आणि रेंज गेली. मग मी घर डोक्यावर घेतलं. "तुझ्या नणंदेनं माझी साडी ढापली!" आई नुसती हसत सुटली, सांगेना काहीच. रागारागात मी एक गुबगुबीत ब्लँकेट मागवलं. ते सांगितल्या दिवशी दारात हजर.

बाळ मात्र हजर होईना. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख उलटून गेली. "तारीख तुम्हीच दिली होती ना?" मी त्यांच्याशीच भांडले. त्या म्हणाल्या, "अहो, ती अंदाजाची असते." अंदाजाची! मग आधी सांगायचं नाही का?

त्याच दुपारी आत्या एसटीतून उतरली. पिशवीतून गोधडी काढून तिनं सरळ माझ्या गालाला लावली. पोपट फिके पडले होते, पण कापड कसं सायीसारखं मऊ झालं होतं.

"कोरं कापड लेकराला टोचतंय. तू काय जुनं देईनास. मग मीच नेसले. रोज नेसायची, रोज आपटून धुवायची. या वयात गुलाबी पोपट नेसून बाजारात गेले बाई तुझ्यापायी! बाया लय हसल्या मला."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

आत्यानं माझ्या पोटावर हात ठेवला. "तू ये रे बाबा सावकाश. घाई करायला तुझी माय हाय की."

लेक झाली. आत्याच्या गोधडीवर गाढ निजली, आणि भूक लागल्याबरोबर तिनं असा टाहो फोडला की शेजारीण धावत आली. मी आपली अजून उशीला टेकून नीट बसतेच आहे.

"आले गं माय, दम धर की जरा!" माझ्या तोंडून गेलं.

आत्या दारातूनच म्हणाली, "ती कशाची धरतीय? विचारायली तुला, दूध कुठवर आलं म्हणून."