फळ्याचा वरचा अर्धा भाग

डिसेंबरातला मंगळवार. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका छोट्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये मी स्टुलावर बसले होते, समोर भिंतभर आरसा. तिथल्या बाई म्हणाल्या, उजवा हात वर करा... मी केला.

एक्सरे स्वच्छ होता, तरी डॉक्टरांनी इथे पाठवलं होतं. मला ते उगाच वाटत होतं. खांदा थोडा धरला होता, एवढंच. रोज गरम तेल लावत होते, हात जपत होते.

त्या माझ्या मागे आल्या. माझ्या खांद्यामागचं फऱ्याचं हाड तळहातानं दाबून धरलं आणि म्हणाल्या, आता परत करा.

हात खांद्याच्या उंचीपर्यंतसुद्धा गेला नाही. दुखलं म्हणून नव्हे. पुढे वाटच नव्हती... आरशात बघताना तो हात माझा वाटेना.

"मघाशी तुम्ही हात वर करत नव्हता मॅडम," त्या म्हणाल्या. "अख्ख्या तुम्हीच वर जात होता."

कधीपासून, असं त्यांनी विचारलं. दीड महिना, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. इतकं आखडायला साधारण पाच-सहा महिने जातात म्हणाल्या. मग वेणी कशी घालता, असं विचारलं.

वेणी मी ऑगस्टमध्येच कापली होती. सोय म्हणून. निदान मी तसंच समजत होते...

याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, आकसतं, आणि मग सांधा एकेक हालचाल विसरत जातो. आपण दुखतं म्हणून हात जपतो, आणि जपला की तो आणखी आखडतो. शरीर मात्र तोवर दुसऱ्या वाटा शोधून आपलं काम भागवत राहतं, त्यामुळे कळत नाही. मधुमेहात हे जास्त होतं, शुगर तपासून घ्या, असंही त्या म्हणाल्या. तपासली. वाढलेली निघाली.

तरी पाच-सहा महिने हे काही मला पटलं नव्हतं. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, रोज फळ्यावर लिहिते. हात वर जात नसता तर मला कळलं नसतं का?

घरी आल्यावर अकरावीच्या वर्गाचा ग्रुप उघडला. गैरहजर मुलींसाठी कुणीतरी रोज फळ्याचा फोटो टाकतं. मी ते फोटो कधी बघत नाही... मलाच माहीत असतं काय लिहिलंय ते. त्या दिवशी पार जुलैपर्यंत मागे गेले आणि तिथून एकेक फोटो बघत पुढे आले.

जुलैत तारीख फळ्याच्या अगदी वरच्या कडेला. ऑगस्टमध्ये वीतभर खाली. दिवाळीनंतर फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा, आणि सगळं लिखाण खाली दाटीवाटीनं, कडेपर्यंत. फोटोत पुढच्या बेंचवरच्या मुलींची डोकी आलेली.

हे अक्षर माझं होतं. रोज मीच लिहीत होते. सय्यद सर एकदा दारातून म्हणाले होते, "काय मॅडम, फळ्याला नमस्कार चाललाय का?" मी चिडले होते त्यांच्यावर.

मग आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या बेंचवरचं एक उंच डोकं ऑक्टोबरनंतर कुठल्याच फोटोत नव्हतं.

ती साक्षी. वैराग गावची, वर्गात सगळ्यात उंच. दसऱ्यानंतर ती अचानक शेवटच्या बेंचवर जाऊन बसू लागली, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, मागे मोबाईल बरा बघता येतो, नाही का? ती नुसती म्हणाली होती, "हितं बरं हाय की मॅडम." त्यानंतर मी तिला फारसं काही विचारलंच नाही. वाया गेलेली मुलगी म्हणून सोडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. ती दारातच उभी राहिली. मी विचारलं, जागा का बदललीस?

"तुमी लई खाली लिवायला लागला. माज्यामुळं मागच्यांना दिसंना. म्हणून मागं गेले."

मग सांगितलं का नाहीस?

"काय सांगायचं? तुमचा हात वर जाईना, हे समद्या वर्गाला ठाऊक होतं की." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमाला ठाऊक नव्हतं व्हय मॅडम?"



रागावले होते सगळ्यांसमोर, माफीही वर्गात सगळ्यांसमोर मागितली. साक्षी खाली बघून हसली आणि शेवटच्या बेंचवरच बसून राहिली. बरोबरच होतं. लिखाण अजून खालीच होतं.

तेव्हापासून व्यायाम चालू आहे. शेक घ्यायचा. वाकून हात लोलकासारखा झुलवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढायचं, जिथे अडेल तिथे थोडं थांबायचं. हे शेवटचं मी तास सुरू होण्याआधी फळ्यावरच करते, आणि बोटं पोचतील तिथे कडेला खडूची खूण करते. पहिले तीन आठवडे खूण हलली नाही. चौथ्या आठवड्यात शेवटच्या बेंचवरून आवाज आला, "दोन बोटं वर गेली की!"

बाई म्हणतात, घाई करू नका, वर्षसुद्धा लागेल. कदाचित थोडं राहूनही जाईल. हात अजून पूर्ण जात नाही... वेणीपुरते केसही अजून वाढलेले नाहीत.

काल तारीख फळ्याच्या वरच्या कडेपासून चार बोटं खाली लिहिली. लिहून वळले, तर साक्षी पहिल्या बेंचवर येऊन बसली होती, वही उघडून.

मी शिकवायला सुरुवात केली.