बासष्ट टक्के

लिफ्टवाल्या आप्पांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, पण धडधाकट यंत्राला कधी बिघडलेलं म्हटलं नाही. सोबतचे मेकॅनिक उगाच काहीतरी खोट काढून अर्धा दिवस गच्चीवर पाय पसरून बसायचे, तेव्हा आप्पांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नीट झालं की हात काढायचा आणि चालू पडायचं, हा त्यांचा खाक्या.

निवृत्त झाले, वर्षभरात बायको गेली, आणि घरात उरलं कोण? तर लेकीने मागे ठेवलेला जुना लॅपटॉप. तोही एक नंबरचा नाठाळ! रीस्टार्ट केला की निळा पडदा, वर सिस्टिमच्या फाइली खराब झाल्याचा निरोप. लेक दूरच्या शहरात नोकरीला. रविवारी सकाळी ती फोन करायची. "आप्पा, ती काळी खिडकी उघडा. आता मी सांगते ते टाइप करा." आप्पा एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप करायचे. मग तपासणी सुरू व्हायची आणि ती मेली बासष्ट टक्क्यांवर हटकून अडायची. वीस-वीस मिनिटं ढिम्म.

खरं सांगायचं तर आप्पा आठवडाभर त्या वीस मिनिटांची वाट बघायचे. फोन ठेवता येत नाही, दुसरं काही करता येत नाही, मग बापलेक बोलत बसायचे. तिचा तिरसट साहेब, गॅलरीतला न फुलणारा गुलाब, आईचं शिवणयंत्र. एकदा लेक आईच्या आठवणीने रडली आणि आप्पांनी तिला पोटभर रडू दिलं.

पण मेकॅनिकचा हात गप्प बसतोय थोडाच! आप्पांनी तिने सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. एका मंगळवारी त्यांनी एकट्यानेच लॅपटॉप ठणठणीत केला आणि रविवारी ऐटीत सांगितलं.

"कमाल केलीत आप्पा! आता मला सुट्टी!" लेक हसली.

आणि तिने खरंच सुट्टी घेतली हो. पुढचे फोन दोन मिनिटांचे. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता बिचाऱ्यांनी.

असे चार रविवार गेले. घर खायला उठलं. पाचव्या रविवारी आप्पांच्या मनात आलं, चालू लॅपटॉपची बॅटरी काढावी, मग बिघडेल आपोआप. खटक्यावर बोटही ठेवलं, पण ते दाबवेना. फोन आला तेव्हा मात्र बोलून गेले, "अगं, ते परत आलंय. निळं."

"परत? थांबा हं, नीट बसते." तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि आप्पांचा जीव भांड्यात पडला.

तपासणी लावली. पन्नास, साठ, बासष्ट... आणि आज ती अडलीच नाही! सत्तर, नव्वद, शंभर. पाच मिनिटांत खेळ खलास.

"काय आलं?" लेकीने विचारलं.

आप्पांनी चष्मा पुसला. यंत्राने एक सांगितलं असताना भलतंच कसं वाचून दाखवायचं, हे त्यांना या वयात जमेना. "एकही फाइल खराब नाही म्हणतंय."

"आप्पा, निळा पडदा आला होता का खरंच?"

आप्पांचे कान तापले. "नाही," ते म्हणाले.

तिकडून नाक ओढल्याचं तेवढं ऐकू आलं.

"एकदा तपासून भागत नाही," लेक म्हणाली. "परत लावा."

"अगं, नीट झालं की हात काढायचा..."

"लावा म्हणते ना! आणि मला सांगा, गुलाबाला कळी आली का?"

आप्पांना ती अक्षरं आता तोंडपाठ होती. तरी त्यांनी वही उघडली, आणि बघून बघून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप करायला बसले.