मिरचीच्या वेबसाइटवर अकरा चेहरे

नंदुरबारात आमच्या घरचं मिरची पावडरचं दुकान आहे. वेबसाइट करायची ठरली तेव्हा मी वहीत लिहून नेलं: मिरची कोणती, तिखट किती, भाव काय, सुरतेला पार्सल जातं का. गिऱ्हाइकाला एवढंच हवं असतं. थोरल्या काकांनी वही उघडलीसुद्धा नाही. "आधी फोटो," म्हणाले. चौकातल्या फ्लेक्सवर आयुष्य काढलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार? मग कोणाचा चेहरा वर आणि कोणाचा खाली, यावर घरातली शहाणी मंडळी तीन दिवस भांडली. आत्याचे यजमान गोलात बसवले म्हणून रुसले. त्यांना चौकोन दिला. गॉगल लावलेले, हात जोडलेले, कानाला मोबाइल धरलेले असे अकरा जण झाले आणि मिरचीला जागाच उरली नाही. निदान भाव तरी टाकू म्हटलं, तर काका खेकसले, "आपलं दुकान कोनले माहीत नही?"

आठवड्याने वेबसाइटवरून पहिला निरोप आला. काकांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला: "भाऊ, कोनता वार्डमा उभा शेतस?"

काका चिडले नाहीत. विचारात पडले.