ढग वाजले आणि मी पिन काढली

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथं ढग वाजले की आई ओरडते, "पिन काढ रे आधी!" शेजारच्यांचा टीव्ही विजेनं जळल्यापासून सगळी वाडीच भिंतीकडे धावते. ही सवय घेऊनच मी महाडला कॉलेजात आलो.

शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टचा, ग्रंथालयाचा प्रोग्रॅम विंडोजवर चालायचा आणि लॅबच्या संगणकांवर विंडोजऐवजी होतं लिनक्स. म्हणून लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन बसवलं होतं. एका संगणकाच्या पोटात दुसरा. त्याची अख्खी डिस्क म्हणजे बाहेरून नुसती एक मोठी फाइल. प्रोग्रॅम लिहायची माझी जोडीदारीण, महाडातल्याच एका मास्तरांची मुलगी. मशीन सांभाळायचं काम मी मागून घेतलं होतं. त्यात इंग्रजी कमी लागेल असं वाटलं होतं.

परीक्षा आठवड्यावर आली होती. जोडीदारीण सरांकडे गेली होती आणि बाहेर जोरात ढग वाजले. माझा हात आपोआप गेला. आमच्याच नाही, शेजारच्या मशीनचीही पिन काढली. ती परत आली तेव्हा मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"आतलं विंडोज आधी बंद केलंस ना?"

मी काढलेल्या पिनेकडे बघितलं.

पुन्हा चालू केल्यावर लिनक्सनं आपली डिस्क बराच वेळ तपासली आणि ते उठलं. आतलं विंडोज उठलं नाही. त्याच्या डिस्कची ती मोठी फाइल अर्धवट लिहिली गेली होती.

"कॉपी आहे ना रे?"

"हाय... आहे." घाबरलो की माझी भाषा वाडीवर जाते.

कॉपी होती, पण मशीन चालू असतानाच घेतलेली. बंद करून घ्यायला हवी, एकदा उघडून बघायला हवी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ती कॉपीही उघडली नाही.

मागून एक जण म्हणाला, "पोलादपूरकर, उद्या ढग आले तर कॉलेजच बंद करा!" सगळे हसले. ती हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

तिच्याकडे प्रोग्रॅमची छापलेली काही पानं होती. नव्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ती टाइप करत बसली. मी वाचून दाखवू लागलो, पण शब्दाशब्दाला अडखळायचो. शेवटी तिनं हळूच कागद माझ्या हातातून घेतले.

परीक्षेला आम्ही अर्धाच प्रोग्रॅम दाखवला. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "बाकीचा कुठंय?" मी तोंड उघडलं, "सर, माझ्यामुळं..." ते पुढचं पान उलटत म्हणाले, "कारणं नकोत." गुण दोघांचेही कापले गेले.

सर गेल्यावर मी मशीन बंद करायला पुढे झालो.

"थांब," ती म्हणाली, "मी करते."

तिनं आधी आतलं विंडोज बंद केलं. ते पूर्ण मिटेपर्यंत थांबली. मग लिनक्स. रागावलेली वगैरे नव्हती, नुसती काळजी घेत होती. मी बाजूला, हात मागे बांधून उभा होतो.