ढब्बूच्या ठाणातला पेंढा

आमची खोली आणि घोड्यांची ठाणं यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि भिंतीच्या पलीकडचं अंथरूण आमच्यापेक्षा बरं असायचं. बडोद्यात, पादरा गावाच्या रस्त्यावर एका शेठचा तबेला होता. बाबा तिथे मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, त्यांचे वडीलही मोतद्दारच. आम्ही दाण्याच्या रिकाम्या पोत्यांवर झोपायचो. पोती टोचायची, त्यांतून किडे निघायचे, आणि पावसाळ्यात पत्रा गळायला लागला की ती गुंडाळून आम्ही तिघं कोपऱ्यात बसून राहायचो. मी दुसरीत असताना एका घोड्याची लाथ बाबांच्या कमरेत बसली आणि ते कायमचे बसले. बसल्या बसल्या लगामाचं चामडं शिवायचे. मी आठवीत गेले तेव्हा तेही थांबलं... बाबा गेले. खोली कामावर असणाऱ्यालाच मिळते, म्हणून बाबा बसले तेव्हापासूनच आई त्यांच्या जागी कामाला लागली होती. बाईमाणसाने घोड्याला हात लावायचा नाही, असं शेठचं म्हणणं. "सुमनबेन, तुम्ही फक्त खालचं बघा," ते म्हणाले होते. खालचं म्हणजे लीद, मूत आणि घोड्याचं अंथरूण. ते खालचं आईने चौदा वर्षं बघितलं.

आई जाऊन पाच आठवडे झाले. ती काय करायची हे तिच्या नात्यातल्याही कित्येकांना नीट ठाऊक नाही. "तबेल्यात झाडू मारायची" असं म्हणतात. म्हणून आधी तेच सांगते.

घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपायला त्याला आडवं व्हावं लागतं, आणि खालचा भरवसा असल्याशिवाय तो आडवा होत नाही. आई अंथरूण पसरून झालं की लुगडं आवरून त्यावर धपकन गुडघे टेकायची. फरशी लागली तर आणखी घालायची. रावपुऱ्यातल्या सुतारांकडून ती लाकडाचा भुसा आणायची, पण करवतीचा बारीक नाही, तर रंधा मारताना निघणाऱ्या कुरळ्या साली. बारीक भुसा उडतो, नाकात जातो, घोडा खोकतो. प्लायवूडच्या भुशाला डिंकाचा आणि औषधाचा वास येतो, म्हणून तो ती घेतच नसे. मूठभर हातात घ्यायची, दाबायची, हुंगायची आणि अर्धी पोती परत करायची. सुतार कावायचा. "बेन, भूसो एटले भूसो!" भुसा म्हणजे भुसा. आई म्हणायची, "तुझ्या नाकात घालून बघ, मग सांग." आणलेला भुसा चाळून उन्हात पसरायची. प्रत्येक जनावराचं तिचं गणित वेगळं. म्हाताऱ्या घोडीचे सांधे दुखायचे, तिला जाड थर. खोकणाऱ्याला चाळलेला भुसा आणि वर पाण्याचा हलका शिडकावा. आणि ढब्बूला पेंढा कधीच नाही. ढब्बू म्हणजे लहान मुलांना फिरवणारं बुटकं तट्टू, रंगाने गुळासारखं, पोटाने नावासारखं. जे खाली दिसेल ते खायचं. "ह्याला गादी दिली तर गादी खाईल," असं आई म्हणायची आणि त्याच्या मानेवर एक चापट मारायची. घोड्याला हात लावायचा नाही हा नियम तिने एकट्या ढब्बूसाठी मोडला होता.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., तेही फर्स्ट क्लासमध्ये. सांगायला मी लाजत नाही, आजही नाही. तबेल्याच्या दिव्याखाली, माश्या हाकत केलेला अभ्यास आहे तो. निकालाच्या दिवशी आईने माझी गुणपत्रिका पदरात धरून एकेका मोतद्दाराला दाखवली. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. "माझी संगीता इंग्रजी वाचते, पाणी प्यावं तसं," ती सांगायची. आणि मला खरंच वाटायला लागलं होतं की जे इंग्रजीत लिहिलेलं नाही, ते माहीत असण्याजोगं नाही.

त्याच उन्हाळ्यात शेठने मोठ्या घरच्या मुलांसाठी घोडेस्वारीचे वर्ग काढायचं ठरवलं. परदेशातल्या तबेल्यांचे फोटो त्यांनी पाहिले होते, सोनेरी पेंढ्यात गुडघाभर बुडालेले घोडे. त्यांना तसं हवं होतं. आईने नको म्हटलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "तमारी दीकरी तो भणेली छे, एने पूछो ने!" मुलगी शिकलेली आहे, तिलाच विचारा की. वर्गाच्या ऑफिसात एक जागा निघणार आहे, हेही त्यांनी मला ऐकू जाईल असं म्हटलं. मी दोन दिवस मोबाइलवर वाचत बसले आणि इंग्रजीत दोन पानं टाइप करून घेतली. पेंढा ऊबदार असतो, मऊ असतो, त्यातून ओल खाली निघून जाते, तेव्हा सगळ्याच ठाणांत पेंढ्याचा जाड थर घालावा. खाली माझं नाव, नावापुढे डिग्री.

आईने मला ती पानं मराठीत वाचून दाखवायला लावली. ती भुसा चाळत होती. ऐकता ऐकता हात थांबला.

"हे कुठल्या गावचं गं? बर्फाच्या?"

"इंग्लंड, अमेरिका... तिथले मोठे मोठे लोक आहेत, आई."

"असतील. तिथे घोडा थंडीने मरत असेल. आपल्या बडोद्यात ऊब कोणाला पाहिजे? पावसाळ्यात खालचा थर कुजेल. आणि ढब्बू तर अंथरूण खाऊन टाकेल. निदान त्याचं ठाण सोड."

"फोटोत एकच ठाण वेगळं कसं दिसेल?"

"फोटोला पोट नसतं, बाळ."

मला राग आला. आता नेमका कशाचा ते सांगता येतं. ती बरोबर बोलत होती याचा. मी म्हटलं, "तुला वाचता येत नाही ना? मग यात बोलू नकोस."

चाळणी पुन्हा हलायला लागली. चौदा वर्षांत तिला शेठने, सुतारांनी, मोतद्दारांनी पुष्कळ ऐकवलं होतं आणि प्रत्येकाला तिने उलट ऐकवलं होतं. माझ्यापुढे ती गप्प बसली.

पादरा गावाकडून ट्रॅक्टर भरून भाताचा पेंढा आला. तिला पटलेलं नव्हतं, तरी तो तिने जीव लावून पसरला, काळा पडलेला वेचून काढला, नेहमीसारखे गुडघे टेकून पाहिले. फोटो छान आले. मग पाऊस लागला. दुसऱ्याच आठवड्यात खालच्या थराला आंबूस वास यायला लागला, डोळे चुरचुरायला लागले, दोन घोडे खोकायला लागले. ढब्बू रात्रंदिवस चरत होता. आई दिवसातून दहादा त्याच्या ठाणात जाऊन त्याचं तोंड वर करायची. मी जाता येता बघत होते... बोलले नाही. माझं नाव होतं ना त्या कागदावर.

एका दुपारी ढब्बूने पुढच्या पायाने जमीन खरवडायला सुरुवात केली, मग वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागला, मग लोळायला लागला. डॉक्टर आले. आतड्यात पेंढ्याचा गोळा अडकला आहे म्हणाले. नळी घातली, तेल पाजलं, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, आईचा हात मानेवर असताना ढब्बू गेला.

शेठ आले. वर्गातल्या मुलांचे आईबापही आले होते, त्यांच्यादेखत शेठने आवाज चढवला. "आ पराळ कोणे पसंद कर्युं?" पेंढा कोणी निवडला? कागद त्यांच्याच टेबलावर पडला होता, पण तो त्यांनी कधी वाचलाच नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं आणि आईलाही कळलं. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी निवडला," आई म्हणाली. "पोरीने कागदात ढब्बूला घालू नका म्हणून लिहिलं होतं. मला वाचता येत नाही. माझी चूक झाली."

माझंच वाक्य तिने उचललं होतं आणि मला वाचवायला वापरलं होतं. तोंड उघडायला मला सबंध मिनिट मिळालं असेल. शेठ ओरडत होते, कोणाची तरी लहान मुलगी रडत होती, आणि मी माझ्या चपलांकडे बघत होते. एवढं शिकून मला तेवढंच करता आलं.

आईची नोकरी गेली, खोली गेली. ऑफिसातली जागा मला मिळाली. हो, मी ती घेतली. दांडिया बाजारात आम्ही भाड्याची एक खोली केली. त्यानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून शेठने सगळ्या ठाणांतला पेंढा काढला आणि रंध्याच्या साली घातल्या, चाळून, उन्हात वाळवून. म्हणजे आईचंच अंथरूण परत आलं. ती मात्र तबेल्यात पाय ठेवू शकत नव्हती. रोज सकाळी ऑफिसच्या खिडकीतून मी ती पोती उतरताना बघायचे. वर्षभराने मला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी सुटले. मी सुटले, असंच म्हणते, कारण आईचं तसं काही झालं नाही. तबेल्यातलं जुनं कोणी बाजारात भेटलं की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

एकदा, फार धीर करून, मी विषय काढला. "आई, त्या दिवशी मी..."

"चहा ठेव," ती म्हणाली.

तिने मला माफ केलं होतं की नव्हतं हे मला ठाऊक नाही. लोक सांगतात, आई आहे, केलंच असणार. मला तो दिलासा नको. विचारायची वेळ होती तेव्हा मी चहा ठेवला. शेवटी आजारपणात ती महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हाही माझ्या नोकरीचं, माझ्या मुलीच्या शाळेचं विचारायची. तबेल्याचं नाव नाही.

तेराव्याला दशरथमामा आले होते. तबेल्यातले सर्वांत जुने मोतद्दार, आता डोळ्यांना दिसत नाही. पानावर बसल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आईचं कौतुक केलं. "घोड्याचं अंथरूण घालावं तर सुमनबाईनं! काय बाई होती! जन्मात एकदाच चुकली बिचारी." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या हातात वाढायला घेतलेला भात तसाच राहिला... आणि मी पुन्हा काही बोलले नाही. भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी शेठकडे गेले. आता ते थकलेत, पण ओळखलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं की ढब्बूच्या ठाणात पेंढा घालायला माझ्या कागदाने सांगितलं होतं, आईने नको म्हटलं होतं, ती खोटं बोलली ती माझ्यासाठी.

"कयो ढब्बू?" शेठ म्हणाले. कोणता ढब्बू?

मी आठवण करून दिली. ते जरा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "हवे एनुं शुं, बेन? केटलां वर्ष थयां ए वातने," म्हणजे आता त्याचं काय, किती वर्षं झाली त्या गोष्टीला, आणि माझ्यासाठी सरबत मागवलं. ज्या माणसाच्या एका ओरडण्याने आईची चौदा वर्षं पुसली गेली, त्याला ते तट्टूसुद्धा आठवत नव्हतं. मी सरबत न घेता निघाले. तिथून दशरथमामांच्या घरी गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. "बाई गेल्यावर सांगतेस होय," एवढंच म्हणाले. बरोबरच म्हणाले.

आमच्या गॅलरीत आईची गोधडी आहे. आजारी पडेपर्यंत आई रोज सकाळी ती झटकून दांडीवर टाकायची, ऊन सरकलं की गोधडी सरकवायची, दुपारी हाताचा तळवा दाबून कुठे ओल राहिली का बघायची. आता ते मी करते. त्यावर झोपणारं कोणी नाही, तरी करते. मुलगी विचारते, "मम्मी, कोणासाठी?" तिला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. ती मराठी वाचायला अडखळते, पण हे लिहिलेलं मी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेणार आहे, आणि दशरथमामांना जाऊन वाचून दाखवणार आहे.

सुमनबाईंनी त्या तबेल्यात चौदा वर्षं घोड्यांचं अंथरूण निवडलं आणि त्या एकदाही चुकल्या नाहीत. पेंढा मी निवडला होता. हे आज माझ्या नावानिशी छापून आलं आहे.