जिन्यावरची खुर्ची

१९८८ सालच्या मार्चमधला रविवार. रक्कम साडेतीनशे रुपये. हजर: आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे अध्यक्ष, अकरा सभासद, खजिनदार म्हणून मी, आणि पाहुणा म्हणून माझा मेहुणा. तो ठाण्याच्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात डॉक्टर होता आणि संशोधनही करायचा.

त्याचं म्हणणं साधं होतं. छातीत कळ आलेल्या माणसाला लोक दोन्ही बाजूंनी धरून जिना उतरवतात. त्या श्रमानेच त्याचं हृदय आणखी थकतं. त्याला खुर्चीत बसवून उचलून आणलं पाहिजे. यावर त्याचा शोधनिबंध छापून आला होता.

"डॉक्टर, वाचला कुणी तो?" अध्यक्षांनी विचारलं.

"संपादकांनी. आणि आमच्या ताईने."

"ताईंना कळला?"

"शीर्षक कळलं म्हणाली."

सगळे हसले, तोही हसला. पण त्याची अडचण मला ठाऊक होती. दोन वर्षांत एकाही डॉक्टरने आपल्या लेखात त्या निबंधाचा दाखला दिला नव्हता. त्याच्या वरिष्ठांनी बजावलं होतं, की पुढच्या वर्षअखेरपर्यंत याचा कुठे उपयोग दिसला नाही तर जिन्याचा नाद सोड आणि औषधांच्या चाचण्या घे. त्याला एक बिनलिफ्टची इमारत हवी होती. आमची चार मजली होती.

ठराव झाला तो असा: दांड्या आणि पट्टा लावलेली खुर्ची खजिनदाराने स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी, उपयोगी ठरल्यास सोसायटी पैसे देईल. मी सुताराला साडेतीनशे दिले.

मेहुणा दर रविवारी सराव घ्यायला यायचा. सकाळी टीव्हीसमोरून कोण उठणार? एकदा मी खुर्चीत बसलो आणि दोघांनी मला उचललं. पहिल्याच वळणावर खुर्ची भिंत आणि कठडा यांच्यामध्ये अडकली. निबंधात वळणाबद्दल एक ओळ नव्हती.

"भावोजी, उतरा," तो पडेल आवाजात म्हणाला.

भाद्रपदात तो आला तेव्हा सोसायटीचा गणपती विसर्जनाला निघाला होता. गच्चीवरच्या मांडवातून मूर्ती खाली आणायची, आणि पोरांनी ती सरळ त्याच्या खुर्चीत बसवली होती, पट्टा लावून! मेहुणा भडकला. "अरे, ही रुग्णांची खुर्ची आहे!"

"डॉक्टर, बाजूला व्हा, वळण आलंय," पुढचा पोरगा म्हणाला. "ए खालच्या, वर उचल! वरच्या, तू वाक! आता दांडी कठड्यावरून घे, बाप्पाला धक्का नको!"

खुर्ची वळली. मूर्तीच्या हातातला मोदकसुद्धा हलला नाही. मेहुण्याचा राग कुठल्या कुठे गेला. "परत वर न्या," तो म्हणाला. पोरं ऐकेनात, विसर्जनाला निघालेला देव माघारी कसा न्यायचा? मग मूर्ती पोचवून आल्यावर त्यांनी मला बसवून चार वेळा उतरवलं आणि मेहुण्याने प्रत्येक वळण लिहून घेतलं.

दिवाळीनंतर एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या अध्यक्षांच्या छातीत कळ आली. घाम फुटलेला, तरी हट्ट एकच, "मी चालत येतो. लोक काय म्हणतील?"

"अहो, बसा गुपचूप," त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, कडाडल्या. "बाप्पा बसला त्या खुर्चीत. तुम्ही त्याच्याहून मोठे?"

बसले. पोरांनी उचललं आणि सवयीने एकाच्या तोंडून निघून गेलं, "गणपती बाप्पा..."

"गाढवांनो," अध्यक्ष क्षीण आवाजात म्हणाले, "विसर्जनाला नेताय का मला?"

इस्पितळातून ते बरे होऊन आले. खुर्चीनेच वाचले असं मेहुणा कधी म्हणाला नाही. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे त्याचं ठाम मत. पण त्याने दुसरा निबंध लिहिला, जिन्यावरच्या वळणांचा, आकृत्यांसकट. पोरांचे आभार त्यात छापून आले. पुढच्या वर्षी त्या निबंधाचा पहिला दाखला आला, दूरच्या कुठल्याशा शहरातून. वरिष्ठांनी तो वाचला आणि औषधांच्या चाचण्या दुसऱ्या कुणाला तरी दिल्या. मेहुण्याने पेढे आणले ते मात्र समोरच्या सोसायटीने आमची खुर्ची मापं घ्यायला मागून नेली त्या दिवशी.

वार्षिक सभेत अध्यक्षांनी स्वतःच ठराव मांडला आणि माझे साडेतीनशे रुपये मंजूर केले. मी म्हटलं, ते समोरच्यांच्या खुर्चीला लावा. त्याप्रमाणे रुपये तीनशे पन्नास फक्त, त्याच सुताराला, रोख दिले.