नावं गेलेले आवाज

कवठे महांकाळच्या एका छोट्या संस्थेत मी संगणक सांभाळायला लागले, तेव्हा तिथे आसपासच्या मेंढपाळ वस्त्यांवरच्या ओव्या जमवायचं काम चालू होतं. माझं माहेर लोणंदचं. ओव्यांमधलं मला फारसं कळत नव्हतं. गाणारी माणसं शोधून आणायच्या त्या संस्थेतल्याच एक मावशी. निम्मं आयुष्य मेंढरांमागं फिरलेल्या, नवरा गेल्यावर या कामात पडलेल्या.

ध्वनिमुद्रणं वेगळ्या डिस्कवर असायची. कुठली ओवी कुणाची, ही माहिती सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये. एका उन्हाळ्यात सर्व्हर बसला. रोज त्याचा बॅकअप निघत होता, म्हणून मी निर्धास्त होते. पण तो बॅकअप उघडेचना. डेटाबेस चालू असतानाच त्याच्या फायली एकेक करून कॉपी होत होत्या. शेवटची फाइल होईपर्यंत कुणीतरी नवी नोंद केलेली असायची. एका फायलीतलं दुसरीला ठाऊक नाही, अशी गत. कुठल्याच दिवसाची कॉपी धड निघाली नाही.

आवाज सगळे शाबूत होते, नावं मात्र गेली होती.

मी जाऊन मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "गाणी हायती न्हवं? मग लाव की. वळखू."

मग रोज दुपारी आम्ही दोघी ऐकत बसायचो. "ही थोरल्या जावंची भन. दम लागतोय बघ तिला मधीच." त्या सांगायच्या, मी टाइप करायचे.

एका दुपारी एका पुरुषाचा आवाज लागला. मोकळा, जरा खरखरीत. मावशी पुढं सरकून बसल्या. ओवी मधेच थांबवून तो माणूस म्हणाला, "पानी आन गं," आणि बांगड्या वाजल्या.

"ती मी," मावशी म्हणाल्या.

मी आवाज थांबवायला हात पुढं केला. त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. आमचं मालक हायती. गेल्यापास्नं ऐकलंच न्हाई मी. तू नाव वाचून इचारलं असतंस, तर नकोच म्हनले असते."

ओवी संपली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा ऐकताना त्या हळूच हसल्या. "पानी आनलं तर मला म्हनलं, गार न्हाई."

"गाव काय लिहू, मावशी?"

"गाव कसलं? फिरतीवर हुतो आमी."

मी तसंच लिहिलं.

बहुतेक नावं परत लागली. काही आवाज अजून तसेच आहेत, कुणी ओळखीचं आलं की लावून दाखवतो. आता जेवणाच्या सुट्टीत मी आधी सर्व्हर बंद करते, मगच फायली कॉपी करते. तेवढ्या वेळात मावशी डबा सोडतात आणि हुलग्याच्या माडग्यातला माझा वाटा काढून ठेवतात.